आधी परसाकडचं सांगा

जगातली कुठलीही गोष्ट निकालात काढायला आमच्या मामांना एक श्वास पुरतो. तो श्वास नाकातून जोरात बाहेर पडतो, वरचा ओठ डावीकडे सरकतो आणि 'ह्यॅ!' असा आवाज होतो. या एका 'ह्यॅ'खाली धरणं, उड्डाणपूल, आमदार, साखर कारखान्याची नवी चिमणी, तालुक्यातली एकूण एक मंगल कार्यालयं, हृदयाचे दोन डॉक्टर आणि माझं कॉलेज एवढं सगळं गाडलं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या भागात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. एक तर मला लिहिण्याची सवय नाही, आणि दुसरं म्हणजे मामांबद्दल खरं लिहायचं तर ज्या विषयावर लिहावं लागतं, तो आमच्या घरात मुलींनी मोठ्यानं उच्चारायचा नसतो. पण त्याला माझा इलाज नाही. तो विषय काढून टाकला तर मामांचं काहीच उरत नाही.

मामांची तुच्छता सरसकट नव्हती, तिला एक मोजमाप होतं. माणूस असो, घर असो, की सरकार असो, त्याची किंमत त्याच्या संडासावरून करायची, हे ते मोजमाप. बाकी सगळा त्यांच्या मते रंगरंगोटीचा भाग. हायवेवरच्या नव्या हॉटेलात आम्ही गेलो की बाकीचे लोक मेनू वाचायचे आणि मामा थेट मागच्या बाजूला जायचे. परत येऊन एकतर 'बसा' म्हणायचे, नाहीतर 'उठा'. आजवर मी 'उठा' जास्त ऐकलं आहे. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी विट्याला मुलगी बघायला गेलो होतो. त्या लोकांचा दक्षिणेत सोनं गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, मोठा धंदा. बंगला असा की दारात चपला काढतानाच आमच्या आत्याला टाचांच्या भेगांची लाज वाटली. पोहे यायच्या आत मामा 'हातपाय धुऊन येतो' म्हणून उठले ते पंधरा मिनिटं आलेच नाहीत. आले ते उभ्यानंच म्हणाले, "चार संडास हायती. फरशी काचंसारखी हाय. पर एकाला बी आतनं कडी लागत न्हाई. ज्या घरात आत बसल्याल्या माणसाची लाज कुणी धरत न्हाई, तिथं आमचं प्वार द्यायचं न्हाई. उठा." आम्ही खरोखर उठलो. तीन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला, की सुतार बोलावून चारही कड्या बसवल्या आहेत, येऊन बघून जावं. मामा एकटे गेले, चारही कड्या लावून बघितल्या आणि लग्न ठरलं. ती मुलगी आज आमची वहिनी आहे. तिच्या माहेरी अजूनही पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कडी दाखवतात, असं ती सांगते.

मामांचा धंदा धारा काढायच्या मशीनच्या दुरुस्तीचा. कऱ्हाडजवळच्या मलकापूरपासून आत पाचसात मैलांवर त्यांचं गाव. तिथं आणि आजूबाजूला ज्यांच्याकडे चारसहा म्हशी आहेत, त्यांनी आता ही मशीनं घेतली आहेत. एक मोटर असते, ती हवा ओढते. चार कप म्हशीच्या सडांना लावायचे की दूध नळीतून कॅनमध्ये येतं. मशीन बिघडलं की मामांना बोलावणं यायचं, आणि मामा गेले की आधी मशीनची, मग ते बनवणाऱ्यांची आणि शेवटी मालकाची लायकी काढायचे. "वॉशर बदलायला येत न्हाई, आन मिशीला पीळ देतोस व्हय रं?" असं ते कुणालाही म्हणायचे. तरी लोक त्यांनाच बोलवायचे, याचं कारण मी एकदा पाहिलं. दुरुस्ती झाली की मामा मशीन चालू करून तो कप आधी स्वतःच्या अंगठ्याला लावायचे. डोळे मिटून मिनिटभर तसेच उभे राहायचे. ओढ जास्त वाटली तर पुन्हा पाना हातात घ्यायचे. मालक घाई करायला लागला, की म्हणायचे, "तिला बोलता येत न्हाई म्हणून मी लावून बघतोय. तुला येतंय तर तू गप बस."

मी मूळची कवठे महांकाळकडची. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे पुढे कसं जायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. कऱ्हाडच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळाला आणि वडिलांनी मला आत्याकडे आणून सोडलं. पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, "काय शिकतीस?" मी म्हटलं, "फिजिक्स." "म्हंजी काय?" मला एका वाक्यात सांगता येईना. मी म्हटलं, "म्हणजे वस्तू का पडतात, कशा फिरतात, ते." मामांनी आधी नाकातून श्वास सोडला. मग हातातला पाना उंच धरला आणि सोडून दिला. तो फरशीवर खणकन पडला. "पडला," ते म्हणाले. "ह्याला तीन वर्सं?"

त्यानंतर माझं नाव 'सायन्सवाली' पडलं. घरातला बल्ब गेला की सायन्सवालीला बोलवा, दूध नासलं की सायन्सवालीला विचारा. माझ्या अंगावर काटा यायचा, कारण यातलं मला खरोखरच काही येत नव्हतं.

मी आले त्याच वर्षी जूनच्या अखेरीस आपल्या देशाचा माणूस परदेशी यानातून अंतराळात गेला. दुपारची वेळ होती. मामांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्ही मोठा, म्हणून शेजारपाजारची दहाबारा माणसं जमली होती. सोप्यातच भिंतीकडेला मामांच्या वडिलांची, आबांची, कॉट होती. आबा फौजेतून हवालदार होऊन आलेले. मी तिथं राहायला जायच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं. रॉकेट उडालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकूंनी तर टीव्हीला हळदीकुंकू वाहिलं. आबा मामांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मामा सरळ झाले आणि टाळ्या थांबायची वाटही न बघता म्हणाले, "पर परसाकडं कशी जात्यात?"

टाळ्या थांबल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सायन्सवाली मीच होते ना.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. माझे कान गरम झाले होते.

"न्हाई म्हाईत?" मामा म्हणाले. "चंद्र किती लांब, म्हाईत हाय. सूर्य किती तापल्याला, म्हाईत हाय. आन माणूस सकाळी उठून काय करतो त्ये म्हाईत न्हाई. ह्यॅ! आधी परसाकडचं सांगा, मग बाकीचं शिकवा म्हणावं तुज्या सरास्नी."

मी खरोखरच सरांना विचारलं. विचारू नये असं मला वाटत होतं, पण घरी रोज संध्याकाळी मामा 'इचारलंस का?' म्हणून दारातच उभे असायचे. तासाच्या शेवटी सर 'एनी डाऊट्स?' म्हणाले तेव्हा मी उभी राहिले आणि शक्य तेवढ्या शुद्ध भाषेत प्रश्न विचारला. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या मुलांनी तर बाकं वाजवली. सर म्हणाले, "हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे." मी घरी येऊन मामांना तेच सांगितलं. त्यावर मामांनी जो 'ह्यॅ' काढला, तो त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम असावा. "सिलॅबसच्या भाईर! परसाकडचं कुणाच्या सिलॅबसच्या भाईर हाय गं? सरांच्या हाय?"

तोवर मला वाटत होतं, की मामांना मजा येते आहे. अंतराळवीर हा त्यांना तुच्छतेसाठी मिळालेला नवा, चकचकीत माणूस आहे, एवढंच. पण त्याच पावसाळ्यात मला आबांचं पाणी लक्षात आलं.

आबांना परसाकडं मामाच न्यायचे. पाठुंगळी घ्यायचे, सोपा ओलांडायचे, दोन पायऱ्या उतरायचे, आणि आबा आत असेपर्यंत दाराकडे पाठ करून उभे राहायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडून 'ह्यॅ' निघताना मी कधी ऐकलं नाही. पण मामा दिवसभर गावोगाव फिरणार. आत्याला आबा उचलवायचे नाहीत, आणि उचलले तरी सुनेनं आपल्याला न्यावं हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच एक तोडगा काढला. ते पाणीच पिईनात. सकाळी मामा घरातून निघाले की आबा ओठ घट्ट मिटून घ्यायचे ते मामा परत येईपर्यंत. चहा नको, ताक नको. मी तांब्या घेऊन गेले की उजवा हात वर करायचे, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसा. दोनदा त्यांना कऱ्हाडला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मामांना बाहेर बोलावून सांगितलं, की हे असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, तिसऱ्यांदा आणाल तेव्हा मी काही करू शकणार नाही. डायपर बांधा आणि भरपूर पाणी पाजा.

मामांनी मेडिकलमधून मोठं पुडकं आणलं. आबांनी त्यातला एक उजव्या हातानं उचलला, उलटसुलट करून बघितला आणि सोप्याच्या पार दाराबाहेर भिरकावला. तो तुळशीपाशी जाऊन पडला. "चोवीस वर्सं वर्दी घातली," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "आता ह्ये घालू? मरंन की मी." मामांनी खूप आरडाओरडा केला. डॉक्टरची लायकी काढली, आबांच्या पलटणीची काढली, शेवटी स्वतःची काढली. पुडकं कपाटावर गेलं. आबांचे ओठ पुन्हा मिटले.

माझ्या मनात तेव्हा काही योजना वगैरे नव्हती. मला फक्त त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, कारण वर्ग हसला ते मला लागलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आहेत. तिथं मी दोन दिवस बसून वाचलं, वहीत उतरवून घेतलं, आकृत्या काढल्या. शेजारी कुणी आलं की वही मिटत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा शेडमध्ये एक मशीन उघडून बसले होते, तिथं गेले.

"मामा, उत्तर मिळालं."

"कशाचं?"

मी इकडेतिकडे बघितलं. "त्याचं."

मामांनी पोतं झटकून मला बसायला दिलं. एवढा मान मला त्या घरात पहिल्यांदाच मिळाला.

मी वही उघडून वाचायला लागले. "तिथं वजन लागत नाही. त्यामुळे कुठलीच वस्तू खाली पडत नाही."

"कुठलीच?"

"कुठलीच नाही."

मामांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. "मंग त्ये बी?"

"ते पण नाही."

"अगं, मग जातंय कुठं?"

"म्हणून हवेनं ओढून घेतात. लघवीसाठी एक नळी असते. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखं असतं, ते ज्याचं त्याचं वेगळं. पंखा चालू केला की नळी ओढून घेते आणि सगळं पुढे टाकीत जमा होतं."

 मामांनी समोरचं मशीन चालू केलं, एक कप उचलला आणि अंगठ्याला लावला. फच् असा आवाज झाला. तो अंगठा तसाच माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "ह्येच?"

मी वहीतली आकृती बघितली आणि मशीन बघितलं. नळी, ओढणारी मोटर, कॅन. "साधारण... हेच," मी म्हटलं.

"ह्यॅ!" मामा उठून उभेच राहिले. "म्हशीचं मशीन! आमच्या म्हशीचं मशीन रंग दिऊन वर न्हेलंय, आन माझ्या सोप्यात बसून गाव टाळ्या वाजिवतंय! मला इचारलं आसतं तर मी हितनं वॉशर पाठवून दिलं आसतं की."

मग मी एकेक सांगत गेले आणि मामा एकेक निकालात काढत गेले. बैठकीचं भोक वीतभर सुद्धा नसतं, म्हणून पृथ्वीवर असतानाच नीट बसायचा सराव करावा लागतो, खाली कॅमेरा लावलेला असतो आणि समोर पडद्यावर बघून बरोबर मध्ये बसायला शिकायचं, हे ऐकून त्यांच्या हातातला पाना गळाला. "सराव? परसाकडंचा सराव? आन नापास झाला तर?" तसं मी कुठं वाचलं नव्हतं, ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. धुवायला पाणी नसतं, पुसतात, म्हटल्यावर त्यांनी 'अरारा' म्हणून दोन्ही कानांना हात लावला. लघवी गाळून, शुद्ध करून तेच पाणी पुन्हा प्यायला वापरतात, यावर त्यांचा 'ह्यॅ' एवढा लांबला की बाहेर बांधलेली म्हैस मान वळवून बघायला लागली. घट्ट जे असतं ते पिशव्यांत भरून सामानाच्या रिकाम्या यानात ठेवतात, आणि ते यान परत येताना वरच्या हवेतच जळून जातं, लांबून बघणाऱ्याला तुटत्या ताऱ्यासारखं दिसत असेल, असं मी म्हटलं.

"तुजी आत्या तुटता तारा दिसला की हात जोडती," मामा म्हणाले. "तिला सांगू नगंस."

मग त्यांनी खाली पडलेला पाना उचलून पुसला. "पर उडताना गं? उडायच्या आदी किती तास पट्टं बांधून पडल्याली असत्यात ती माणसं. उठायचं न्हाई, हालायचं न्हाई. तवा?"

ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. वाचावं की नाही, मला कळेना. "तेव्हा..." मी म्हटलं, "डायपर असतो. उडताना, उतरताना, आणि यानाच्या बाहेर जाऊन काम करतात तेव्हा. त्या मोठ्या पोशाखाच्या आतून."

मामांनी मशीन बंद केलं.

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"समदी?"

"सगळे. बायका, पुरुष, सगळे."

"त्यो सवाल माझा न्हवता," मामा हळू आवाजात म्हणाले. "त्या दिशी टाळ्या वाजत हुत्या तवा आबा मला म्हणलं, त्यास्नी परसाकडं कोन उचलून न्हेतं रं? मला उत्तर आलं न्हाई. म्हणून तुमच्या समद्यांच्या अंगावर ढकललं." मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "ऊठ. आबास्नी सांग जा."

"मी?"

"मग कोन? मी सांगितलं तर म्हणतील, मशीनवाला थापा मारतोय. तू सायन्सवाली हायस. आमचं ह्ये यवढं काम कर, मंग तुज्या कॉलेजला मी कवा नावं ठेवणार न्हाई."

हे वचन त्यांनी पाळलं नाही, पण मी गेले. आबांच्या कॉटशेजारी स्टूल घेऊन बसले. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि आत्या स्वयंपाकघरातून ऐकत होती, कारण भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता. वजन न लागणं, नळी, पंखा, सगळं मी सांगितलं. शेवटच्या पानाशी आले तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला की आबांनी उजव्या हाताचा पंजा कानामागे धरला. मला ते सगळं पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.

आबांनी हात कानामागून काढला. मग म्हणाले, "रँक काय त्यास्नी?"

"बरेचसे हवाई दलातले मोठे अधिकारी असतात."

"ऑफिसर?"

"हो."

"आन ऑफिसर लोक सोता हून बांधत्यात, का ऑर्डर असती?"

 मी वाचलेल्यात 'ऑर्डर' हा शब्द नव्हता. पोशाखात काय काय असतं त्याची यादी होती आणि त्या यादीत हा होता. खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "पोशाखाच्या यादीतच असतो तो. हेल्मेट, मोजे, बूट, तसाच."

"म्हंजी वर्दीत हाय," आबा म्हणाले.

"हो. वर्दीतच."

"वर्दीत आसंल तर मग सवालच न्हाई."

दारात मामांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. ते लगबगीनं कपाटाकडे निघाले, तेवढ्यात आबांचा उजवा हात वर झाला, तोच वाहतूक पोलिसाचा.

"थांब. फौजेत हुकूम देणाऱ्यानं आदी सोता करून दावायचं आसतं. उद्या तू बांधून जा कामावर. दिवसभर. मग बघू."

"मी? मला काय झालंय?"

"मला काय झालंय?" आबा म्हणाले.

स्वयंपाकघरात आत्यानं पदर तोंडात कोंबल्याचा आवाज आला. पदराचा आवाज कसा येईल, असं कुणी विचारेल. पण तो आला.

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे संडास बघून त्यांची लायकी काढली, तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी डायपर बांधून, वरून सैल पायजमा चढवून घरातून निघाला, तेव्हा मी आणि आत्या मुद्दाम मागच्या दारी उभ्या होतो. समोरून बघायची आमची हिंमत नव्हती. एका गवळ्याचं मशीन टेंपोत घालून ते त्याच्याबरोबर गेले. चालताना दोन्ही पायांत एक अदृश्य कळशी धरल्यासारखे चालत होते. आबांनी त्या दिवशीही पाण्याला तोंड लावलं नाही. तांब्या नेला की म्हणायचे, "त्यो यिऊ दे."

मामा दिवे लागायच्या सुमाराला आले. चप्पल काढून सरळ कॉटसमोर उभे राहिले.

"रिपोर्ट," आबा म्हणाले.

"उजव्या मांडीला काचतंय," मामा म्हणाले. "घाम येतो. बाकी ठीक."

"वापरलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात डोकं घातलं.

"आवं, पोरगी हाय हितं."

"पोरगीनंच सांगितलंय समदं. वापरलं का?"

"मलकापुरात पुलाचं काम चाललंय," मामा भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितल्यासारखं म्हणाले. "त्या पुलाखाली टेंपो दीड तास आडकला. डायवर उतरून आडोशाला जाऊन आला. गवळी जाऊन आला. मी न्हाई उतरलो."

"का रं?"

"ऑर्डर हुती."

आबांचा चेहरा आधी नुसताच हलला. मग उजव्या बाजूनं हसू फुटलं. डावी बाजू जागची हलेना, तरी ते हसू थांबेना, छाती गदागदा हलायला लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी त्या घरात आल्यापासून आबांना हसताना पाहिलं नव्हतं. मामा आधी रागानं बघत राहिले, मग तेही खालच्या मानेनं हसायला लागले.

"लाज वाटली?" आबांनी विचारलं.

"वाटली की. पयली धा मिन्टं." मामा कॉटच्या कडेवर बसले. बसताना जरा आवाज झाला. "मंग म्हणलं, कुणाला काय कळतंय. आतल्या आत हाय."

आबांनी डोळे पुसले. उजवा हात माझ्याकडे केला. या वेळी तो थांबवणारा नव्हता. "पोरी, पाणी आण."

त्यांनी एका दमात अर्धा तांब्या संपवला. दुसऱ्या दिवशी मामांनी पुडक्यातल्या प्रत्येक डायपरच्या उजव्या मांडीचं रबर आत्याच्या कात्रीनं कापून सैल केलं. कामाला जायच्या आधी सोप्याचं दार लावून, कडी घालून, बापलेकांची 'वर्दी' चालायची. बाहेर आम्हाला मामांचा आवाज ऐकू यायचा, "धा, नऊ, आठ, सात..." आणि शून्याला आबांचं जड जिभेचं "चलो!" त्यानंतर मामा दार उघडून, बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देत बाहेर पडायचे. रबर कुठं लावावं एवढीसुद्धा त्या लोकांना अक्कल नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं त्यात तथ्य असावं.

आबांना दवाखान्यात तिसऱ्यांदा न्यावं लागलं नाही. माघात ते गेले ते घरातच, सकाळचा चहा पिऊन डोळा लागला त्या झोपेत. त्यांची कॉट शेडमध्ये गेली, तिच्यावर आता मामा सुटे भाग ठेवतात. अर्धं राहिलेलं पुडकं अजून कपाटावरच आहे. आत्यानं एकदा ते कुणाला तरी द्यायला काढलं, तेव्हा मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्यॅ. कापल्यालं कोन घेतंय?"

परवा टीव्हीवर पुन्हा एक रॉकेट उडणार होतं. सोप्यात पुन्हा माणसं जमली. माझी आता शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. मामांनी अजून माझ्या कॉलेजबद्दल चांगला शब्द काढलेला नाही, आणि पदवी मिळाल्यावर 'पाना पडतो' हे ती कागदावर लिहून देऊ शकेल, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातली चार माणसं पट्टे बांधून, आभाळाकडे तोंड करून पडली होती. आकडे उलटे सुरू व्हायला अवकाश होता. शेजारच्या काकू हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. एकानं मुद्दाम मामांना डिवचलं, "काय मामा, आज न्हाई इचारत परसाकडचं?"

मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिथं आधी कॉट होती त्या भिंतीला टेकून ते पडद्याकडे टक लावून बसले होते. ओठ डावीकडे सरकला, पण श्वास बाहेर आला नाही.

"सायन्सवाले," ते मला म्हणाले, "ती माणसं किती तास झालं आशी पडून हायती?"

"दोनतीन तास तरी झाले असतील."

"पाणी पेली आसतील का गं? का उगंच व्हट मिटून पडल्यात?"